आकडा एकटा काही करत नाही

इंदुरातल्या भंवरकुआच्या कोचिंगवाल्या गल्ल्यांत जूनमध्ये झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. होस्टेलला आधार, कोचिंगला आधार, नव्या सिमला आधार. पोरं दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, सुटे पैसे देतात, कागद घेतात आणि निघतात. फोटो मात्र तिथल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहून जातो. नंतर आपण 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तर चॅटमधून तो जातो, उतरवलेली फाइल जागेवरच असते. दुकानदार चोर असतो असं मुळीच नाही. त्याला पुसापुशी करायला फुरसत नसते, एवढंच. म्हणून प्रिंट निघाली की तिथंच उभं राहून म्हणायचं, "भाऊ, फाइल उडवा, आणि रिसायकल बिनमधूनही काढा." दहा सेकंदांचं काम आहे, सहसा कुणी वाईट वाटून घेत नाही.

पण मुळात भीती कशाची बाळगायची, हे नीट कळलेलं बरं. 28 जुलै 2018 ला दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर केला आणि 'यावरून माझं काय नुकसान करता ते दाखवा' असं आव्हान दिलं. लोकांनी बघता बघता त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख, पॅन शोधून मांडले. कुणीतरी त्यांच्या खात्यात एक रुपया जमाही करून दाखवला. खात्यातून काढता मात्र कुणाला आला नाही. दोन्ही बाजूंनी 'आम्हीच जिंकलो' म्हटलं, आणि दोघांचंही अर्धंच खरं होतं. आधारचा आकडा म्हणजे घराचा पत्ता. सुदामा नगरातलं तुमचं घर कुठलं हे चोराला कळलं म्हणून कुलूप उघडत नाही. कुलूप उघडतं ते आकड्याला जोडीदार मिळाला की: अंगठा, ओटीपी, किंवा फोटो आणि सही. पत्ता लपवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा ही जोडी तोडावी. एक आकडा मात्र या नियमाला अपवाद आहे, तो पॅन. त्याच्याकडे पुढे येऊ.

आकडा आणि अंगठा

सगळ्यांत धोक्याची जोडी हीच, कारण हिच्यात ओटीपी येतच नाही. कियॉस्कवर किंवा बँक मित्राकडे आधार दाखवून पैसे काढतात, त्या व्यवस्थेचं नाव एईपीएस. तिला तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट. एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत निघतात. ना कार्ड लागतं ना पिन. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसासाठी सोय उत्तम आहे, पण शहरातल्या बहुतेकांना आपल्या खात्याला असं दार आहे हेच माहीत नसतं.

बोट मिळतं कुठून? जमिनीच्या, घराच्या रजिस्ट्रीतून. दस्तावर अंगठे असतात, शेजारी आधार क्रमांकही लिहिलेला असतो, आणि अशा दस्तांच्या प्रती अनेक राज्यांत वर्षानुवर्षं संकेतस्थळांवरून सहज मिळत होत्या. त्यावरून ठसा उचलून सिलिकॉनचं बोट तयार करण्याचे प्रकार पोलिसांनी वेगवेगळ्या राज्यांत पकडले आहेत. आधार प्राधिकरणानं 2023 मध्ये ठशाच्या रेषांबरोबर बोटाची प्रतिमाही तपासणारी व्यवस्था आणली, जिवंत बोट आणि रबरी बोट यांतला फरक ओळखण्यासाठी. त्यामुळे काम अवघड झालं, अशक्य झालेलं नाही.

यावर इलाज आहे आणि तो फुकट आहे: बायोमेट्रिक लॉक. आधार प्राधिकरणाच्या मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा, 'लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स' निवडा, संमतीची खूण करा, झालं. बोटं, डोळे, चेहरा, तिन्ही बंद होतात. मग तुमचं खरं बोट लावलं तरी व्यवहार नाकारला जातो, नकलीची तर बातच सोडा.

इथंच लोकांची फजिती होते. लॉक केल्याचं विसरतात, मग रेशन दुकानात अंगठा 'उमटत नाही', नवं सिम मिळत नाही, आणि नोव्हेंबरात आजोबांचा हयातीचा दाखला अडतो. मशीनवाला बोट पुसायला सांगतो, पाणी लावायला सांगतो, रांग मागून कुरकुरते. बोटाचा दोष नसतो. गरज असेल तेव्हा मायआधारवरच जाऊन तात्पुरतं अनलॉक करायचं. दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा लॉक होतं, तेव्हा रांगेत आपला नंबर जवळ आल्यावरच करावं, घरून करून निघू नये.

त्याच पानाच्या आसपास 'आधार लॉक' म्हणून दुसरा पर्याय दिसतो, आणि दोन्हींचा घोळ हमखास होतो. बायोमेट्रिक लॉक बोटं बंद करतं, ओटीपी चालू राहतो. आधार लॉक बारा अंकी क्रमांकच बंद करतं, मग सगळीकडे 16 अंकी व्हर्च्युअल आयडी द्यावा लागतो. तो आयडी हवा तेव्हा नवा काढता येतो, जुना त्याच क्षणी निकामी होतो, आणि त्यावरून मूळ क्रमांक काढता येत नाही. कल्पना छान आहे, पण अनेक काउंटरवर 16 आकडे बघून बाबू गडबडतात. माझं मत असं की सर्वसाधारण माणसाला बायोमेट्रिक लॉक पुरेसं आहे. आधार लॉक त्यांनी करावं, ज्यांना विसरायची सवय नाही.

लॉक करण्याआधी एकदा तिथलीच 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' उघडून पाहा. गेल्या सहा महिन्यांत तुमचा आधार कुठं कुठं तपासला गेला, कधी, बोटानं की ओटीपीनं, आणि यशस्वी झाला की नाही, हे सगळं दिसतं. एका वेळी 50 नोंदी. संस्थांची नावं विचित्र वाटतात, म्हणून नावावरून घाबरू नका, तारीख आणि वेळ जुळवा. मंगळवारी दुपारी सिम घेतलं होतं, नोंद मंगळवार दुपारची आहे, तर तीच ती. 'बायोमेट्रिक' प्रकारची नोंद पहाटेची किंवा तुम्ही कुठंच बोट लावलं नव्हतं त्या दिवसाची असेल, तर मात्र लगेच लॉक करा आणि बँकेचं पासबुक तपासा. आधारला ईमेल जोडलेला असेल तर प्रत्येक तपासणीची सूचना तिथंच येते, म्हणून तोही जोडून ठेवावा.

कागदावरचा आकडा

होस्टेल, हॉटेल, कोचिंग, सोसायटीचं फाटक, यांतल्या कुणालाही पूर्ण बारा आकड्यांची गरज नसते. त्यांना तुमची ओळख हवी असते. त्यासाठी मास्क्ड आधार असतो: पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसणारे. मायआधारवर डाउनलोड करताना 'मास्क्ड' वर खूण करायची, बस्स. 27 मे 2022 ला प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं 'मास्क्डच द्या' अशी सूचना काढली आणि गैरसमज होतोय म्हणून ती दोनच दिवसांत मागे घेतली गेली. तेव्हापासून 'मास्क्ड बंद झालं' असं सांगणारे भेटतात. मागे घेतली ती सूचना. मास्क्ड आधार तेव्हाही चालू होता, आजही आहे.

या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष मिळून बनतो. या दोन्ही गोष्टी तुमच्या लायसन्सवर, मार्कशीटवर छापलेल्या असतात. ते कुलूप नव्हे, दाराची कडी आहे.

बरेच जण घरीच आकडे झाकतात, आणि त्यात तीन चुका होतात. पहिली, मोबाइलच्या हायलायटरनं काळं करणं. तो शाईचा थर अर्धपारदर्शक असतो, फोटोची चमक वाढवली की खालचे आकडे वर येतात. भरीव चौकोन ठेवा, आणि मग स्क्रीनशॉट काढून तोच पाठवा. पीडीएफवर ठेवलेला चौकोन नुसता उचलूनही बाजूला करता येतो. दुसरी चूक, एकाच जागी झाकणं. क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूलाही असतो, जुन्या लांब पत्रावर तर अनेकदा. तिसरी चूक फारच थोड्यांना माहीत असते. 2018 च्या आधी छापलेल्या आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण क्रमांक साध्या मजकुरासारखा भरलेला आहे. वर आकडे काळे केले आणि क्यूआर उघडा ठेवला, तर कुठलंही स्कॅनर ॲप बारा आकडे वाचून दाखवतं. नव्या, सुरक्षित क्यूआरमध्ये शेवटचे चारच आकडे असतात. कार्ड जुनं असेल तर क्यूआरही झाका, नाहीतर सरळ नवा ई-आधार उतरवा.

कागदाची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर पेनानं आडवं लिहा: 'फक्त अमुक होस्टेलच्या नोंदीसाठी', तारीख, आणि शेवटी सही. शब्द फोटोच्या आणि मजकुराच्या काठावरून जायला हवेत, कोऱ्या जागेत लिहिले तर कापून टाकता येतात. नाव आणि चेहरा मात्र वाचता यायला हवा, नाहीतर प्रत परत येते. सही कार्डावरच्या मजकुरावर पडलेली असावी, मोकळ्या जागेत केलेली सही उचलून दुसऱ्या अर्जावर बसवणं सोपं असतं.

घरमालकांनी हे उलट्या बाजूनंही बघावं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, ती द्यावीच, पण पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलींच्या आधारच्या प्रती कपाटात ठेवायचं काय कारण? आणि इंदुरात रद्दीचा एक वेगळाच घोळ आहे. ओला-सुका कचरा आपण इतका इमानदारीनं वेगळा करतो की सुक्या कचऱ्यातला कागद स्वच्छ, कोरडा आणि वाचता येईल असा गाडीत पडतो. क्रमांकाची ओळ आणि सहीची ओळ फाडून बारीक करा किंवा रात्रभर पाण्यात भिजवून लगदा करा, मग टाका.

मध्य प्रदेशात समग्र आयडीही, म्हणजे राज्य सरकारनं कुटुंबांना दिलेला ओळख क्रमांक, विसरू नये. कुटुंबाचा आठ अंकी, प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. शाळा, रेशन, लाडली बहना योजना, सगळीकडे लागतो म्हणून तो कुणालाही तोंडी सांगितला जातो. त्याची ई-केवायसी कियॉस्कवर करताना एवढंच बघा की ऑपरेटरनं घाईत स्वतःचा मोबाइल नंबर तर टाकला नाही ना. तसं झालं तर तुमचे ओटीपी त्याच्या खिशात जाणार.

आकडा आणि मोबाइल

ओटीपी सांगू नका हे आता सगळ्यांना पाठ आहे, त्यात शब्द घालवत नाही. धोका जुन्या नंबरात असतो. आधारला दहा वर्षांपूर्वीचा नंबर जोडलेला, तो कधीच बंद केलेला, आणि बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. मायआधारवर 'व्हेरिफाय ईमेल/मोबाइल' मध्ये नंबर टाकून तपासता येतं. बदलायचा तर आधार केंद्रावर 75 रुपये, ऑक्टोबर 2025 पासूनचा दर.

तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. एका माणसाला नऊच्या वर ठेवता येत नाहीत. अनोळखी नंबरापुढे 'हा माझा नंबर नाही' निवडायचं. 'आता गरज नाही' हा पर्याय आपल्याच जुन्या सिमसाठी आहे, तो निवडलात तर ते सिम तुमचंच होतं असं कबूल केल्यासारखं होतं.

फोनच्या सेटिंगमध्ये सिम पिन लावता येतो, फार कमी जण लावतात. सराफ्यातल्या रात्रीच्या गर्दीत फोन गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि ओटीपी तिथं येऊ लागतात. सिम पिन असेल तर ते होत नाही. लावताना आधी कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या. तीनदा चुकला की सिम अडतं, ते उघडायला कंपनीचा आठ अंकी पीयूके कोड लागतो, आणि तो दहादा चुकला तर सिम कायमचं जातं.

घरातल्या सगळ्यांच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्याच फोनची तासभर गायब आहे, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं नवं सिम कुणी काढलं का. जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, पण सात दिवसांची वाट बघत बसू नये.

पॅन: ज्याला जोडीदार लागत नाही

पॅनचा गैरवापर करायला पुष्कळदा ओटीपीही लागत नाही, अंगठाही नाही. शिवाय तो अर्धवट ओळखू येतो: दहातलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी इंग्रजी 'पी' असतं, पाचवं आडनावाचं पहिलं. वर्षाला एक लाखाच्या वर घरभाडं दाखवून करसवलत घ्यायची तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि कुठल्याशा शहरातला नोकरदार तुमचाच पॅन तिथं ठोकून देतो. तुम्ही रामबागेत स्वतःच भाड्यानं राहत असता, आणि आयकर खात्याच्या लेखी पुण्यात तुमचा फ्लॅट असतो!

आयकर पोर्टलवर लॉगिन करून एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, विवरणपत्र भरताना तर बघाच, मध्येही दोनदा बघा. अनोळखी भाडं, व्याज, शेअरची विक्री दिसली तर त्या नोंदीवरच 'फीडबॅक' देता येतो, ती माहिती नाकारण्याचा पर्याय त्यात आहे. गप्प बसलात तर ते उत्पन्न तुमचंच धरून नोटीस येऊ शकते. त्याच पोर्टलवर 'ई-फायलिंग वॉल्ट' मध्ये जाऊन लॉगिन फक्त आधार ओटीपीनं किंवा नेट बँकिंगनं होईल असं करून ठेवा.

दुसरी तपासणी जीएसटीची. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च बाय पॅन' मध्ये पॅन टाकायचा. नोकरी करणाऱ्या किंवा निवृत्त माणसाला तिथं काहीच दिसायला नको. दिसलं तर क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: 23 मध्य प्रदेश, 24 गुजरात, 27 महाराष्ट्र. तुमच्या नावानं परराज्यात बोगस बिलांची फर्म उभी असेल तर पोर्टलवर तक्रार करा आणि त्या क्षेत्राच्या जीएसटी अधिकाऱ्याला लेखी कळवा.

तिसरी कर्जाची. देशात चार क्रेडिट ब्यूरो, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्था, आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही जानेवारीत मागवून मोकळे होऊ नका. दर तीन महिन्यांनी एक घ्या, म्हणजे वर्षभर पहारा राहतो. अहवालात स्कोअर सगळ्यांत शेवटी बघा. आधी पत्ते, फोन, ईमेल बघा, कारण चोराचा नंबर पहिल्यांदा तिथं उगवतो. मग 'एन्क्वायरी' चा भाग, म्हणजे कुणी तुमच्या नावावर कर्ज मागितलं. मग खाती. दोन-चार हजारांचं ॲपवालं कर्ज किरकोळ म्हणून सोडू नका, अशा छोट्या कर्जानं चोर चाचपणी करतो.

खोटं कर्ज सापडलं तर ब्यूरोच्या संकेतस्थळावर 'डिस्प्यूट' टाका आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला ईमेल करा. त्यात फक्त 'मी कर्ज घेतलं नाही' लिहून भागत नाही. केवायसीला जोडलेली कागदपत्रं, कराराची प्रत, आणि मुख्य म्हणजे रक्कम ज्या खात्यात जमा झाली तो खाते क्रमांक मागा. ते खातं तुमचं नाही, इथंच प्रकरण निम्मं सुटतं. तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागायला हवा. 26 एप्रिल 2024 पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फी नाही, चौकशीसाठी फोन 14448.

पैसे गेलेच तर

पहिला फोन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकत असतात, फोन लवकर गेला तर मधल्या कुठल्या तरी खात्यात अडवता येतात. फोनआधी हे हाताशी ठेवा: व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, खाते क्रमांक. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात मर्यादित. म्हणून बँकेत तोंडी सांगून परतू नका, अर्जावर शिक्का आणि तारीख घ्या. एईपीएसनं पैसे गेले असतील तर 'मी ओटीपी दिला नाही' म्हणून उपयोग नाही, ओटीपी नव्हताच. ऑथेंटिकेशन हिस्ट्रीची प्रत जोडा आणि त्या वेळी तुम्ही कुठं होता ते लिहा.

दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ठाण्यात 'हद्द आमची नाही' असं ऐकू आलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगा: दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते.

घरातलं माणूस गेल्यावर त्याचे आकडे मागे राहतात, आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. जून 2025 पासून मायआधारवर कुटुंबातल्या व्यक्तीचा मृत्यू कळवण्याची सोय आहे, मृत्यू नोंदणी क्रमांक लागतो. मतदार यादीतून नाव काढायला फॉर्म 7. पॅन मात्र घाईनं परत करू नका, शेवटचं विवरणपत्र आणि परतावा आधी पूर्ण होऊ द्या. मोबाइलचं सिमही तेराव्यालाच बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, खाती वारसांच्या नावावर झाल्यावर मगच ते बंद करा.